चारू शिंपला खाडीतून काढताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

चारू हा बाहेरून आलेला, उपद्रवी शिंपला काढण्याची मोहीम ठरली की पहिल्याच ओहोटीला होड्या भरून माल किनाऱ्याला लागतो, आणि या गोण्यांचे करायचे काय, हा प्रश्न त्यानंतर निघतो. तोवर ऊन चढलेले असते, वास सुटू लागलेला असतो, आणि कुणीतरी त्या गोण्या जेट्टीच्या टोकावरून परत पाण्यात ओततो. या कामाची सर्वांत मोठी नासाडी इथेच होत असल्यामुळे या लेखात काढणीआधीच्या गोष्टींना प्रत्यक्ष काढणीपेक्षा जास्त जागा दिली आहे.

मायटेला स्ट्रिगाटा हे शास्त्रीय नाव असलेला हा शिंपला मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवरचा. केरळमध्ये अष्टमुडी आणि वेंबनाडसारख्या खाड्यांत त्याने ठाण मांडले आहे आणि तिथले मच्छीमार त्याला ‘वरत्तन कक्क’, म्हणजे बाहेरून आलेला शिंपला, म्हणतात. तमिळनाडूत एन्नोरच्या खाडीत तो ‘काक्का आळी’ या नावाने ओळखला जातो. पुढील क्रम अशा खाड्यांसाठी लिहिला आहे. कोकणात आणि गोव्यात कालवे, शिनाणे किंवा तिसऱ्या या खाद्य शिंपल्यांवर जगणाऱ्या गटांना, त्यातही बाहेरून बीज (शिंपल्यांची पिल्ले), तराफे किंवा वापरलेल्या दोऱ्या आणणाऱ्यांना, त्यातले ओळखीचे आणि अवजारांच्या स्वच्छतेचे टप्पे आतापासूनच उपयोगी पडतील.

## टप्पा १: ओळख पक्की करणे

बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवू नये. चारू शिंपला काळा, तपकिरी, पिवळट, कधी हिरवट झाक असलेलाही असतो. काहींवर नागमोडी पट्टे असतात, काहींवर काहीच नसते. त्यामुळे ‘काळा तो परका, हिरवा तो आपला’ ही किनाऱ्यावर हमखास सांगितली जाणारी खूण फसवी आहे, आणि तिच्या भरवशावर लहान शिनाण्यांचे घोसच्या घोस खरवडले जातात.

ओळख फळीवर बसून करावी, पाण्यात उभे राहून नव्हे. संशयित घोसातून वेगवेगळ्या आकाराचे दहा-बारा नग घ्यावेत, चिखल धुवावा आणि प्रत्येकाची शिंप उघडून शेजारी शेजारी मांडावी. हिरव्या शिनाण्याची शिंप आतून फिकट निळसर-पांढरी आणि मोत्यासारखी चमकणारी असते, तर चारूच्या शिंपेत आत बहुधा जांभळट ते काळपट झाक दिसते. चारूची शिंप पातळ असते. बोटांनी दाबली तर शिनाण्याच्या मानाने लवकर तडकते. शिनाणा वाढून हाताच्या पंजाच्या रुंदीएवढा होऊ शकतो, चारू मात्र बहुधा पाच-सहा सेंटिमीटरपलीकडे जात नाही. अर्थात यावरून मोठा नग चारू नव्हे एवढेच ठरते. लहान नगाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आणखी दोन शिंपल्यांशी गल्लत होते. चिखलात रुतून राहणाऱ्या स्थानिक शिंपल्याच्या सालीवर केसासारखी लव असते आणि त्याचे टोक अगदी कडेला नसून थोडे मागे सरकलेले असते. दुसरा म्हणजे मुंबईच्या गोद्यांत अनेक दशकांपासून आढळणारा मायटिलॉप्सिस सॅलेई. तोही परकाच, पण बोटाच्या पेराएवढा असतो आणि त्याच्या शिंपेत टोकाशी छोटी आडवी फळी असते. नखाने चाचपली तर ती जाणवते. चारूत ती नसते.

तपासणी: नमुन्यांचे आतून आणि बाहेरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटो घ्यावेत. काही नग स्पिरिटमध्ये ठेवून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या जवळच्या केंद्राकडे किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयामार्फत तज्ज्ञांकडे पाठवावेत. लेखी उत्तर येईपर्यंत एकही घोस खरवडू नये. नमुना जिवंत पाठवू नये.

## टप्पा २: परवानगी, आणि त्याआधी हेतू

परका शिंपला काढायला परवानगी कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. कारण काम ज्या जागेत होते ती जागा कुणाच्या तरी अखत्यारीत असते: तिवरांच्या मुळांवर असेल तर वन विभाग किंवा कांदळवन कक्ष, अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव विभाग, मासेमारीच्या पाण्यात असेल तर मत्स्यव्यवसाय विभाग. त्याखेरीज त्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या तिसऱ्या वेचणाऱ्यांचा शब्द कागदावर नसला तरी महत्त्वाचा असतो, आणि त्यात बहुतेक ठिकाणी बायका असतात. त्यांना न विचारता आखलेली मोहीम चौथ्या दिवशी बंद पडते, हे धरून चालावे.

बैठकीत हेतू शब्दांत लिहून घ्यावा: ही काढणी शिंपला कमी करण्यासाठी आहे, त्याचा धंदा उभा करण्यासाठी नाही. हे वाक्य उगाच लिहायचे नाही. चारू खाता येतो, त्याला थोडाफार भाव येऊ शकतो, आणि एकदा भाव आला की लहान नग ‘पुढच्या हंगामासाठी’ मागे राहू लागतात. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी बादलीभर बीज शेजारच्या खाडीत नेऊन टाकतो. म्हणून मजुरी कामाच्या दिवसावर द्यावी, किलोवर देऊ नये. किलोवर दिली की मोठे घोस आधी उचलले जातात आणि पिल्ले जागच्या जागी राहतात. वास्तविक जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटरचा चारूसुद्धा प्रजननक्षम असतो, तेव्हा ‘लहान आहे, राहू दे’ याला इथे जागा नाही.

## टप्पा ३: मोजणी

मोजणीशिवाय किती गोण्या, किती होड्या, किती दिवस हे काहीच ठरत नाही, आणि काम संपल्यावर ते साधले की नाही हेही सांगता येत नाही.

तार किंवा पीव्हीसी नळीची आतून २५ × २५ सेंटिमीटर मापाची चौकट करावी. संपूर्ण पट्ट्यावर दोरी ताणून ठरावीक अंतरावर ती ठेवावी. दाट दिसेल तिथे ठेवण्याचा मोह टाळावा. चौकटीतला सगळा माल काढून चारू आणि स्थानिक जाती वेगळ्या कराव्यात, चाळणीवर चिखल धुवावा आणि मगच वजन करावे. चौकटीचे वजन सोळाने गुणले की एका चौरस मीटरचा आकडा मिळतो.

समजा दहा चौकटींची सरासरी ९०० ग्रॅम आली, तर चौरस मीटरला १४.४ किलो होतात. पट्टा २०० चौरस मीटरचा असेल तर एकूण माल २,८८० किलो. दोन होड्या एका ओहोटीत मिळून ८०० किलो आणू शकत असतील तर चार ओहोट्या लागतील. प्रत्यक्षात घोसांबरोबर चिखल येतो आणि वजन बरेच वाढते, म्हणून पाच-सहा धराव्यात.

या मोजणीवरून पट्ट्याचे तीन भाग नकाशावर रंगवावेत: जिथे केवळ चारू आहे, जिथे चारू आणि स्थानिक शिंपले मिसळलेले आहेत, आणि जिथे तुरळक नग आहेत. पुढचा सगळा क्रम या तीन रंगांवर चालतो.

## टप्पा ४: विल्हेवाटीची जागा आधी

ही जागा तयार झाल्याशिवाय काढणीची तारीख ठरवू नये. उधाणाच्या भरतीची रेषा जिथवर येते तिच्या बरीच वर, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, वाहन जाऊ शकेल अशी जागा हवी. तिथून निथळणारे पाणी खाडीत परत जाता कामा नये, कारण अंडी आणि अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. ताडपत्री, तिच्याभोवती मातीचा बांध, निथळाचे पाणी मुरण्यासाठी रेताड खड्डा, वरून झाकायला जाळी आणि कुत्री-कावळे हाकायला एक माणूस, एवढे लागते.

टरफले शेवटी कुठे जाणार हेही आताच ठरवावे. शिंपेचा बहुतांश भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे चुन्यासाठी आणि कोंबड्यांच्या खाद्यात ती चालते. घेणारा आधी गाठावा आणि त्याला किती ओला, किती स्वच्छ माल चालतो ते विचारावे.

इशारा: एका ओहोटीत विल्हेवाटीच्या जागेत जेवढे मावेल तेवढेच काढावे. होडी मोठी आहे म्हणून जास्त काढू नये.

## टप्पा ५: वेळ निवडणे

कोकणच्या मानाने केरळच्या खाड्यांत भरती-ओहोटीतला फरक फार थोडा असतो. कोचीजवळ तो जेमतेम एक मीटर असतो; मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर जातो. त्यामुळे तिकडचे काम पुष्कळदा छातीभर पाण्यात किंवा होडीतून करावे लागते, तर आपल्याकडच्यासारख्या खाडीत अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतली ओहोटी सर्वांत उपयोगाची. पूर्ण सुकतीच्या दोन तास आधी जागेवर पोहोचावे आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात माल होडीत चढवून निघावे. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या, दिवसांत खालचे घोस उघडेच पडत नाहीत. ते दिवस दोऱ्या आणि तराफे उचलण्यासाठी ठेवावेत.

पावसाळा हा शिंपला आपोआप मारेल, या आशेवर काम पुढे ढकलले जाते. चारू क्षारता हळूहळू बदलली तर हजारी २ पासून ४० पर्यंत तग धरतो. समुद्राचे पाणी साधारण ३५ असते, यावरून या पल्ल्याची कल्पना यावी. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात काही मरतात, बाकीचे शिंपा घट्ट मिटून दिवस काढतात.

स्थानिक जातींच्या बंदीचा काळही पाहावा. अष्टमुडीत तिसऱ्यांच्या प्रजननासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद असते. याच शिस्तीच्या व्यवस्थापनामुळे त्या मत्स्यव्यवसायाला २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे, म्हणजे टिकाऊ मासेमारीचे, प्रमाणपत्र मिळाले, आणि भारतात ते मिळवणारा तो पहिला होता. अशा काळात तळ ढवळू नये. खुंट, दोऱ्या आणि भिंती एवढेच साफ करावे.

## टप्पा ६: प्रत्यक्ष काढणी, याच क्रमाने

आधी जे उचलता येते ते. तराफ्याच्या दोऱ्या, पिंपे, जुनी जाळी, सुटे खुंट. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दोरी होडीच्या काठावर टेकवून कोयतीने खरवडणे. जवळून पाहिले तर काय होते ते कळते: चारू एकमेकांना धाग्यांनी बांधलेले असतात, कोयती लागली की वरचा घोस हातात येतो आणि आतल्या थरातली भाताच्या दाण्याएवढी पिल्ले काळ्या वाळूसारखी पाण्यात झरतात. त्यातली कित्येक पुन्हा कुठेतरी चिकटतात. म्हणून दोरीखाली पाण्यातच बारीक आसाची पिशवी किंवा मच्छरदाणीच्या कापडाची झोळी सरकवावी, दोरी झोळीसकट वर घ्यावी आणि खरवडण्याचे काम किनाऱ्यावर ताडपत्रीवर करावे.

मग निव्वळ चारूचे पट्टे. घोस चटईसारखे पसरलेले असतात आणि त्यांच्या धाग्यांत गाळ अडकून खालची जमीन गुदमरलेली असते. कडेपासून सुरुवात करून चटई गुंडाळल्यासारखी उचलावी; मधूनच फोडू नये. फावड्याचे पाते आडवे धरावे आणि तळात दोन-तीन बोटांपेक्षा खोल जाऊ देऊ नये, कारण खाली जिवंत तिसऱ्या असू शकतात. उचललेला तुकडा चाळणीवर पालथा करून त्यातल्या तिसऱ्या, खुबे, कालवे वेगळे करावेत आणि त्याच जागी परत ठेवावेत. परत ठेवण्याआधी त्यांच्या शिंपेवर चिकटलेले चारूचे बीज सुरीने काढावे. हे वेळखाऊ आहे आणि इथेच घाई होते.

मिश्र पट्टे शेवटी, आणि फक्त हाताने. कालवांच्या खडकावर चारू असेल तर कालव तुटू न देता धागे कापावेत. ओढले तर कालवाची वरची शिंप निघते. एक माणूस एका ओहोटीत फार तर काही चौरस मीटर करू शकतो, हे आधीच मान्य करावे. तुरळक नगांची जागा मात्र पहिल्याच दिवशी एखाद्या अनुभवी जोडीकडे द्यावी. तिथे दहा नग काढण्याचा फायदा दाट पट्ट्यातल्या हजारांपेक्षा जास्त असतो, कारण तिथूनच नवा पट्टा तयार होतो.

यंत्राने तळ उपसण्याची मागणी जवळपास प्रत्येक गावात होते. जलमार्ग किंवा खाडीचे तोंड अडले असेल तर तिचा विचार सरकारी पातळीवर व्हावा; वेचणीच्या पट्ट्यात मात्र उपसणीने चारूबरोबर तिसऱ्यांचा तळही जातो आणि तुटलेले घोस प्रवाहाबरोबर पसरतात.

इशारा, रसायनांबद्दल: १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन येथे मायटिलॉप्सिस हा शिंपला क्लोरीन आणि मोरचूद वापरून पूर्ण नष्ट करण्यात आला, याचा दाखला नेहमी दिला जातो. ते जमले कारण तो दरवाजे बंद करता येणाऱ्या तीन मरीनांत (होड्या लावण्याच्या गोद्यांत) वेळेवर सापडला होता, आणि त्या पाण्यातले इतर जीवही मारण्याची किंमत मोजली गेली. उघड्या खाडीत ब्लीचिंग पावडर किंवा मोरचूद टाकल्यास चारू शिंपा मिटून बसतो आणि मासळी मरते.

सुरक्षितता: जाड हातमोजे, बंद बूट, धनुर्वाताची सुई घेतलेली असणे आणि होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट. शिंपेने कापलेली जखम तिथेच स्वच्छ पाण्याने धुवावी. खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंमुळे ती वेगाने चिघळू शकते, विशेषतः मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांत. सूज चढू लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

## टप्पा ७: वाहून नेणे आणि मारणे

उघड्या टोपल्या आणि उसवलेल्या गोण्या बाद. दुहेरी पोत्यात किंवा झाकणाच्या पिंपात माल भरावा आणि होडीच्या तळातले पाणी खाडीत न उपसता किनाऱ्यावर काढावे. धक्का, खरवड, तापमानातला बदल यांमुळे शिंपले ताणाखाली अंडी आणि शुक्राणू सोडतात. बीजशाळेत मुद्दाम हाच उपाय करतात. म्हणून काढलेला माल पाण्याला टेकवून ‘ताजा ठेवणे’ ही या कामातली मोठी चूक समजावी.

मारण्याचा सोपा मार्ग म्हणजे कडक ऊन. ताडपत्रीवर एका थरात पसरून रोज उलथावे. ढीग केला तर वरचा थर वाळतो आणि आतला ओल धरून कित्येक दिवस जिवंत राहतो. माल थोडा असेल तर उकळते पाणी ओतून सर्व शिंपा उघडेपर्यंत ठेवावे.

तपासणी: ढिगाच्या मधून आणि तळातून मिळून शंभर नग घ्यावेत. उघड्या शिंपेला टिचकी मारल्यावर ती मिटली तर नग जिवंत आहे. घट्ट मिटलेला प्रत्येक नग जिवंत धरावा. शंभरात एक जरी जिवंत निघाला तरी जागेवरून काहीही हलवू नये.

## टप्पा ८: मांस आणि टरफले

खाण्यासाठी वापर करायचा असेल तर तो निर्णय पाण्याच्या आणि मांसाच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीनंतरच घ्यावा. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे सांडपाण्याच्या किंवा कारखान्यांच्या खाडीतला चारू खाऊ नये. कोंबड्यांना आणि डुकरांनाही घालू नये. पाणी लाल किंवा तपकिरी दिसत असताना काढलेला माल तर अजिबात नको, कारण काही शैवालांचे विष शिजवल्यानेही जात नाही. जिवंत चारूची विक्री कोणत्याही परिस्थितीत करू नये. विकायचे झाले तर किनाऱ्यावरच उकडून, मांस सोडवून विकावे.

मेलेल्या मालात सुका पाला, नारळाच्या सोडणाचा भुगा आणि थोडे शेण मिसळून खत करता येते. मात्र आधी गोड्या पाण्याने मीठ धुवावे आणि ते पाणी रेताड खड्ड्यातच सोडावे. न धुता थेट बागेत टाकलेल्या मालाने रोपे करपतात.

## टप्पा ९: होड्या, दोऱ्या, बूट

दिवसाचे काम इथे संपते. होडीचा तळ किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीवर खरवडावा, दोऱ्या आणि जाळी पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या खाडीत नेऊ नयेत. बुटांच्या तळव्यातला चिखल, बादलीच्या कडीखालची फट, नांगराच्या दोरीचे पीळ या तीन जागा हटकून राहतात. बाहेरून बीज आणणाऱ्या गटांनी पिशवी उघडण्याआधी मूठभर बीज पांढऱ्या ताटात पसरून भिंगाने पाहावे. संशय आला तर सगळी पिशवी उकळत्या पाण्यात घालावी. त्यात पैसे जातात, हे खरे.

## टप्पा १०: फेरतपासणी

पहिल्या काढणीनंतर महिन्याने त्याच दोरीवर, त्याच अंतरांवर चौकट पुन्हा ठेवावी. मोकळ्या झालेल्या जागेत नवे बीज आधी येते, आणि पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या आपल्या हद्दीबाहेरूनही येतात. म्हणून महिन्याच्या मोजणीत पिल्लांची संख्या वाढलेली दिसली तर काम फसले असे लगेच ठरवू नये. पाहायचे ते हे की दोन सेंटिमीटरवरचे नग किती उरले आणि स्थानिक शिंपल्यांचे वजन वाढते आहे की नाही. अन्नाची टंचाई झाली तर चारू लिंगही बदलू शकतो, त्यामुळे तुरळक उरलेले नग निरुपद्रवी मानू नयेत.

पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, पाण्याखाली हातभर खोलीवर, खडबडीत फरशीचे तुकडे दोरीने टांगावेत. दर पंधरा दिवसांनी तेच तुकडे उचलून चिकटलेले बीज मोजावे, वहीत तारीख, भरतीची वेळ आणि आकडा लिहावा आणि तुकडा किनाऱ्यावर खरवडून परत टांगावा. आकडा सलग दोन वेळा वर गेला की तुरळक नगांच्या जागेपासून दुसरी फेरी सुरू करावी, आणि त्याआधी विल्हेवाटीच्या खड्ड्यात किती जागा उरली आहे ते पाहून घ्यावे.